भिंतीपलीकडचा ओटीपी

साल २०२३. नोव्हेंबर महिना, दिवाळी नुकतीच आटोपलेली. आमच्या लालबागच्या चाळीत कंदील अजून उतरवले नव्हते, आणि पहाटे पंखा एक नंबरवर आणावा इतपतच गारवा पडला होता. माझी फजिती झाली ती तेव्हाची. हसायचं तर हसा, पण चहा आधी खाली ठेवा. सतरंजी धुवायला टाकणारा मी नव्हे, आमची ही आहे.

मी गिरणीत साचा खात्यात जॉबर होतो, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. शिक्षण चौथी. खात्यात माझ्यासमोर कोणी हसत नसे, चाळीतही नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

गिरणी बंद पडली त्याला जमाना झाला. मग गिरणी कामगारांना घरं मिळणार म्हणून सगळ्यांनी अर्ज भरले, तसा मीही भरला आणि वाट बघत बसलो. त्या नोव्हेंबरात निरोप आला की ज्यांचे अर्ज आहेत त्यांनी सरकारच्या संकेतस्थळावर शिरून आपले कागद चढवावेत. मुदत महिनाअखेर. त्यानंतर अर्ज बाद.

घराचं मला एकट्याला काही वाटत नव्हतं. माझं आयुष्य एका खोलीत गेलं, राहिलेलंही गेलं असतं. पण हिचे गुडघे गेलेत. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. आमची ही मालवणकडची. लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे काही मागितलं असेल तर हे एकच.

"माका दुसरा कायच नको," ती म्हणायची. "बादली घेऊन लायनीत रवाचा नको. संडास घरात होयो."

तेव्हा अर्ज बाद होऊन चालणार नव्हतं. इतकं लक्षात ठेवा.

त्या संकेतस्थळाला दोन कुलपं आहेत. पहिलं पासवर्डचं. तो आपण ठरवायचा. दुसरं ओटीपीचं. तो आकडा दर वेळी नवा, आणि तो अर्जात दिलेल्या मोबाईलवरच येणार. म्हणजे चोराला पासवर्ड कळला तरी फोन त्याच्या हातात नाही, तो दाराबाहेरच राहिला. ही पद्धत मला पहिल्यापासून पसंत. गिरणीच्या गेटवरही बिल्ला आणि थोबाड दोन्ही जुळल्याशिवाय आत सोडत नसत.

आणि या विषयात चाळीत माझ्यावर माणूस नव्हता. वर्षभरापूर्वी खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी फोनवर कोणा भामट्याला ओटीपी सांगितला आणि बँकेतलं होतं नव्हतं ते गेलं. कमिटीने सभा घेतली. बोलायला मला उभं केलं, कारण मी बोललो की लोक ऐकतात. मी म्हटलं, ओटीपी सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. आपण मागितला नसताना ओटीपी आला तर समजायचं, चोर दारात उभा आहे. फोन बंद करायचा. पुन्हा आला तर नंबरच बंद करून टाकायचा. नुसतं बोलून थांबलो नाही. जिन्याखाली बोर्ड लावला. ‘ओटीपी कोणालाही सांगू नये.’ खाली ‘हुकमावरून’ आणि माझं नाव.

आता सदा.

सदा माझा शेजारी. खोलीला खोली लागून, मधली भिंत फळ्यांची. माझ्याहून वयाने लहान. माझगावच्या गोदीत फिटर होता, आता निवृत्त. बायको गेली. एकुलती मुलगी सुमन, ती संगमेश्वरला दिलेली. आमच्या मजल्यावर पहिला फोन सदाकडे आला आणि पुढे पहिला मोबाईलही त्याच्याकडेच. तेव्हाची रीत तुम्हाला माहीत असेल. ज्याच्याकडे फोन त्याचा नंबर सगळ्या मजल्याचा. कुठेही नंबर विचारला की त्याचा द्यायचा आणि पुढे म्हणायचं, पीपी. शेजाऱ्याचा आहे, तो बोलावेल. त्याला कोणी विचारायला जात नसे. मीही गेलो नाही.

माझा फोन आला की सदा गॅलरीत येऊन ओरडायचा, "अण्णा, फोन." मी अर्धी दाढी झालेली तशीच ठेवून धावायचो. वर्षानुवर्षं हे चाललं. एकदा गावाहून माझे फोन लागोपाठ आले, जमिनीचं काहीतरी होतं. सदाचं जेवण चाललेलं. चौथ्यांदा हात धुऊन आला आणि सगळ्या गॅलरीसमोर म्हणाला, "अण्णा, आता स्वतःचा फोन घ्या. मी काय टेलिफोन ऑपरेटर आहे?"

दुसऱ्या दिवशी मी फोन घेतला. सदाशी बोलणं बंद केलं. या नोव्हेंबरापर्यंत सात वर्षं झाली होती.

तर मी फोनवर लॉगिन करायला बसलो. एकट्याने. पासवर्ड गुप्त ठेवायचा म्हणजे ठेवायचा, म्हणून हिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि दार लावलं. चाळीत दिवसा दार लावलं की लोक दोनच अर्थ काढतात, भांडण किंवा आजार. थोड्या वेळात कोणीतरी बाहेरून विचारून गेलं, डॉक्टरना बोलावू का.

पासवर्ड टाकला. पुढे आलं, ओटीपी पाठवला आहे. मी फोन हातात धरून बसलो.

काही नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडे सदाचा फोन वाजला. टुण.

मी ‘पुन्हा पाठवा’ दाबलं. माझ्या फोनवर काही नाही. पलीकडे टुण.

पुन्हा दाबलं. पलीकडे टुण.

आता मला सांगा, सरकारी काम, मुदत जवळ आलेली, माणूस एकाग्र होऊन बसलाय आणि शेजारी फोनशी खेळतोय. राग येईल की नाही? मी फळीवर मूठ आपटली.

"आवाज बंद कर रे त्याचा," मी ओरडलो. हे बोलणं धरायचं नाही. ते भिंतीशी होतं.

असं मी त्या दिवशी केलं, आणि दुसऱ्या दिवशीही. बटण दाबायचं, वाट बघायची, पलीकडे टुण झालं की मूठ आपटायची. भिंतीकडे तोंड करून बसलेली आमची ही एकदा म्हणाली, "तुम्ही बटण दाबलात की त्याचो फोन वाजता, तुमका समाजला काय?"

"योगायोग आहे," मी म्हटलं. "तू तोंड तिकडे कर."

तिसऱ्या दिवशी सदा आमच्या दारात. चेहरा उतरलेला. फोन फडक्यात गुंडाळून आणलेला, मेलेला उंदीर आणावा तसा. मी समोर खुर्चीतच होतो. तो हिच्याकडे बघून बोलू लागला.

"वहिनी, अण्णांना विचारा, सारखे ओटीपी येतायत. मी काही मागितलं नाही. सगळं इंग्रजीत आहे. कोणीतरी माझ्या खात्यात घुसतंय."

"त्याला विचार," मी हिला म्हटलं, "केव्हापासून."

"वहिनी, सांगा, परवापासून. आणि वहिनी, गंमत म्हणजे ओटीपी आला की भिंतीवर कोणीतरी मारतं."

"ते वेगळं," मी म्हटलं. "त्याला सांग, फोन बंद ठेव. आजच्या आज."

"दोघांकव कान आसत," ही म्हणाली. "माका मधी कशाक घेतास?" आणि ती चहा टाकायला उठली. मग सदा चहाच्या पातेल्याकडे बघून बोलला.

"फोन बंद ठेवायचा तर सुमनचं काय? तिचे दिवस भरत आलेत. तिच्याकडे हाच एक नंबर आहे."

आता इथे मी जरा थांबायला हवं होतं. पण चाळीचा जाणकार मी. शब्दावरून मागे हटणं मला जमत नाही. मी पातेल्याला उद्देशून म्हटलं, "चोर एकदा पाठी लागला की सुटत नाही. उद्या परळला मोबाईल कंपनीच्या दुकानात जायचं आणि हा नंबर कायमचा बंद करायचा. नवा घ्यायचा आणि मुलीला कळवायचा."

सदाने मान डोलावली. माझ्या देखत फोन बंद केला. जाताना पातेल्याला म्हणाला, "बरं झालं, चाळीत कोणी जाणता माणूस आहे."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसरा दिवस मुदतीचा शेवटचा. ओटीपी येत नव्हता तो नव्हताच. नाक मुठीत धरून मी कागदांची पिशवी घेतली आणि नाक्यावरच्या सेवा केंद्रात गेलो. तिथे शिंदेबाई बसतात. चष्मा कपाळावर, समोर कंप्युटर, आणि कोणाचंही पूर्ण ऐकून न घेण्याची सवय.

"काका, इथे बघा," त्या म्हणाल्या. "ओटीपी पाठवला, नंबराच्या शेवटी त्रेसष्ट. तुमच्या फोनच्या शेवटी काय?"

"अकरा."

"मग त्रेसष्ट कोणाचा?"

"सरकारी कचेरीचा असेल."

"काका, सरकार स्वतःच स्वतःला ओटीपी पाठवेल का? अर्ज भरताना तुम्ही हाच नंबर दिलाय. आठवा."

त्रेसष्ट. ते तोंडात घोळवलं आणि पुढचं आपोआप बाहेर आलं. "...त्रेसष्ट, पीपी, सदाला सांगा, अण्णांना बोलवा." हे वाक्य मी नात्यात, गावाला, दवाखान्यात, सगळीकडे पाठ म्हटल्यासारखं म्हणत आलो होतो. अर्ज भरला तेव्हा माझ्याकडे फोन कुठे होता? तिथेही हेच लिहून दिलं होतं.

भिंतीपलीकडची ती टुणटुण सगळी माझी होती. चोर मी होतो. आणि माझ्याच घरात बसून मी सदाला सल्ला दिला होता की माझा ओटीपी यायचा एकमेव रस्ता कायमचा बुजवून टाक.

"नंबर बदलता येतो का?" मी विचारलं.

"येतो की. पण आधी जुन्या नंबरवर ओटीपी येतो."

तो फोन शेजाऱ्याचा आहे आणि बंद आहे, मी शिंदेबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"मग जा ना काका, घेऊन या त्या माणसाला. कागद इथेच ठेवा. पण लवकर या. संध्याकाळी मी शटर ओढते. मला घरी सासू आहे."

मी चाळीत आलो. जिन्याखाली बोर्ड होता, त्याच्याकडे बघितलं नाही. सदाच्या दाराला कुलूप. ही गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली.

"सदा कुठे?"

तिने सूप खाली ठेवलं. सात वर्षांत मी ते नाव घेतलं नव्हतं.

"गेलो तो परळाक, नंबर बंद करूक. तुम्हीच धाडलात मा?"

फोन लावावा, तर त्याचा फोन बंद. माझ्याच हुकमाने बंद.

बससाठी थांबलो नाही. लालबागहून परळ म्हणजे माझ्या जुन्या दिवसांत काहीच नव्हतं, आता धाप लागली. उड्डाणपुलाखालून निघालो. रिकामी टॅक्सी दिसेना. दिसली ती वळून दुसरीकडे गेली. डोक्यात एकच विचार होता. त्या दुकानात नेहमी गर्दी असते, आज तरी असू दे. आयुष्यभर रांगांना शिव्या दिल्या, त्या दिवशी मी रांग मागत होतो.

रांग होती, पण सदा तिच्या पुढच्या टोकाला पोचला होता. काउंटरवर त्याचं सिमकार्ड काढून ठेवलेलं, पलीकडची मुलगी कंप्युटरवर काहीतरी टाइप करतेय.

"सदा," मी म्हटलं.

तो वळला. मग मागे बघितलं, दुसरा कोणी सदा उभा आहे का म्हणून.

"नंबर बंद करू नको."

सदा त्या मुलीला म्हणाला, "मॅडम, यांना विचारा, काल तर हेच म्हणाले बंद कर."

मुलीने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "सर, तुम्ही दोघं एकत्र आहात का?"

"नाही," सदा म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "सदा, चोर सापडला."

"कोण?"

"मी."

मी सगळं सांगितलं. अर्ज, पीपी, त्रेसष्ट, आज शेवटचा दिवस. सदाने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ओटीपीपण तुम्ही पाठवत होता आणि मूठपण तुम्हीच मारत होता?"

"हो."

"आणि मी तुमच्याच दारात तुमचीच तक्रार घेऊन आलो?"

"हो."

"आणि मी तुम्हाला जाणता माणूस म्हटलं."

यावर हो म्हणणं जड गेलं. तरी म्हटलं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, बंद करायचं की नाही. सदा म्हणाला, थांबा जरा, आणि सिम परत फोनमध्ये बसवलं. फोन सुरू झाला. आधी सुमनचे फोन येऊन गेल्याचे निरोप आले, त्यांची रांगच लागली. त्याने तिथूनच तिला फोन लावला. ती ठीक होती. फोन का लागत नाही म्हणून बापावरच तापली होती. सदा ऐकत होता आणि माझ्याकडे बघत होता. त्याने माझं नाव सांगितलं नाही. मला ते समजलं.

मग मी शिंदेबाईंना फोन लावला. त्यांनी बटण दाबलं. सदाचा फोन वाजला. टुण. ज्या आवाजाला दोन दिवस शिव्या घातल्या, तो इतका गोड असेल असं वाटलं नव्हतं.

सदाने फोनवर तळहात झाकला.

"अण्णा, बोर्डावर काय लिहिलंय?"

"सदा, वेळ नाही."

"काय लिहिलंय?"

"ओटीपी कोणालाही सांगू नये."

"कोणाच्या हुकमावरून?"

"माझ्या."

"सख्ख्या भावालापण नाही ना? मी तर शेजारी. आणि सात वर्षं तोही नाही."

रांगेत कोणीतरी हसलं. माझ्यासमोर. मी म्हटलं, "सदा, हिला संडास घरात हवाय."

त्याचा चेहरा बदलला. हिचे गुडघे त्याने रोज बघितले होते. त्याच्या दारावरूनच तर ती बादली घेऊन जायची. त्याने तळहात काढला, माझा फोन हातात घेतला आणि शिंदेबाईंना एकेक आकडा सांगू लागला. गोदीत काम केलेला माणूस. गॅलरीतून मला हाक मारायचा त्याच आवाजात सांगत होता. अख्ख्या दुकानाने माझा ओटीपी ऐकला.

"सर, हळू," काउंटरची मुलगी म्हणाली. "ओटीपी असा मोठ्याने सांगायचा नसतो."

"मला नका सांगू," सदा म्हणाला. "यांना सांगा, यांचा बोर्ड आहे."

फोनमध्ये थोडा वेळ नुसती टकटक ऐकू येत होती. मग शिंदेबाई म्हणाल्या, "उघडलं, काका. तुमचं नाव आलं." पुढे कागद एकेक चढत गेले. आणखी एक ओटीपी आला, तोही सदाने दुकानाला ऐकवला, आणि माझा नंबर त्रेसष्टचा अकरा झाला. शेवटी शिंदेबाईंनी वाचून दाखवलं, अर्ज स्वीकारला आहे.

मी तिथल्याच बाकावर बसलो. सदाने कुठून तरी पाणी आणून दिलं. मी प्यायलो. परतीला आम्ही पुलाखालून चालत आलो. तो म्हणाला कंदील उतरवायचे राहिलेत, मी म्हटलं उतरवू.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, "बटण दाबलात की वाजता, ह्या माका पयल्या दिवशी कळला होता."

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या बोर्डावर ‘कोणालाही सांगू नये’च्या पुढे कोणीतरी खडूने लिहिलं होतं, ‘अण्णा सोडून’. अक्षर ओळखीचं होतं. मी पुसलं नाही. अजून आहे, येऊन बघा. घर अजून मिळालेलं नाही. पण अर्ज जिवंत आहे आणि आमची ही दर आठवड्याला मला संकेतस्थळ उघडून बघायला लावते. आता दार उघडं ठेवून बघतो.

डिसेंबरात सदाचा फोन गॅलरीतून खाली पडला आणि दुरुस्तीला गेला. त्याने सुमनला माझा नंबर दिला. पीपी. मला विचारलं नाही.

एका सकाळी मी दाढी करत होतो. फोन आला. सुमनचा नवरा होता, आवाज आनंदाने चढलेला, म्हणाला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, बाबांना द्या. मी अर्धी दाढी झालेली तशीच ठेवून गॅलरीत आलो.

"सदा, फोन."

तो आतून धावत आला. माझ्या गालावरचा साबण बघून दारातच थबकला.

"अण्णा, तुम्ही काय टेलिफोन ऑपरेटर आहात?"

"हो," मी म्हटलं, आणि फोन त्याच्या हातात दिला.